वनस्पतिजन्य प्रतिऑक्सिडीकारके आणि पेशीसंरक्षण : एका सिद्धान्ताची चिकित्सा

गोषवारा :

वनस्पतींतील पॉलिफिनॉले, कॅरोटिनॉइडे व तत्सम संयुगे मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात आणि त्यामुळे पेशींचे ऑक्सिडीकारक ताणापासून रक्षण होते, हे विधान पाठ्यपुस्तकांपासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनांपर्यंत सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात या विधानामागील तर्कसाखळीची चिकित्सा केली आहे. परीक्षानळीतील क्षपणक्षमता, पेशीतील रासायनिक वास्तव आणि मानवी चाचण्यांचे निष्कर्ष या तीन पातळ्यांवर पुरावा तपासल्यास संरक्षणाची मूळ कल्पना बाद होत नाही, पण तिचे प्रचलित स्पष्टीकरण मात्र बदलावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे. या बदलाचे महाविद्यालयीन संशोधनावर होणारे परिणामही शेवटी विचारात घेतले आहेत.

कळीचे शब्द : प्रतिऑक्सिडीकारक, ऑक्सिडीकारक ताण, मुक्त मूलक, पॉलिफिनॉल, डीपीपीएच, एनआरएफ-२.

प्रस्तावना :

एखाद्या झुडपाची पाने सावलीत वाळवावीत, त्यांची पूड मेथॅनॉलमध्ये भिजवावी, मिळालेला अर्क जांभळ्या रंगाच्या डीपीपीएच द्रावणात मिसळावा आणि अर्ध्या तासाने रंग किती फिकट झाला ते वर्णपटमापीवर मोजावे, या पद्धतीचे शोधनिबंध गेल्या दोन-अडीच दशकांत विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांचा शेवट ठरावीक वाक्याने होतो : सदर वनस्पतीत प्रबळ प्रतिऑक्सिडीकारक गुणधर्म असून ती कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांवर उपयुक्त ठरू शकते. प्रयोग साधा असतो, निरीक्षण प्रामाणिक असते. परंतु निरीक्षण आणि निष्कर्ष यांमधील अंतर फार मोठे असते.

हे अंतर तीन गृहीतकांनी भरून काढले जाते. परीक्षानळीत जे संयुग मूलकाला निष्प्रभ करते ते पेशीतही तेच करते, हे पहिले गृहीतक. पेशीतील मूलके कमी होणे हे नेहमीच हितकारक असते, हे दुसरे. आणि जे थोड्या प्रमाणात आहारातून हितकारक ठरते ते गोळीच्या रूपात अधिक प्रमाणात अधिक हितकारक ठरेल, हे तिसरे. प्रतिऑक्सिडीकारकांविषयीच्या लोकप्रिय सिद्धान्ताचे बळ या तीन गृहीतकांवर अवलंबून आहे. म्हणून सिद्धान्ताची परीक्षा म्हणजे या तिन्हींची परीक्षा होय.

संकल्पनेचा उगम आणि तिची खरी बाजू :

ऑक्सिजन हा जीवनावश्यक वायू पेशीला घातकही ठरू शकतो, ही जाणीव तुलनेने अलीकडची आहे. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची विषबाधा व क्ष-किरणांमुळे होणारी इजा यांमागे मुक्त मूलके हे समान कारण असावे, असे मांडले. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा मूलक-सिद्धान्त पुढे ठेवला. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमाचे कार्य दाखवून दिले. ज्या अर्थी सुपरऑक्साइडचा निचरा करण्यासाठी सजीवांनी स्वतंत्र एंझाइम विकसित केले, त्या अर्थी सुपरऑक्साइड पेशीत खरोखर तयार होत असले पाहिजे, हा त्यातून निघालेला अर्थ महत्त्वाचा होता. १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडीकारक ताण या संज्ञेला निश्चित रूप दिले. ऑक्सिडीकारक आणि प्रतिऑक्सिडीकारक यांच्यातील समतोल ऑक्सिडीकारकांच्या बाजूने झुकणे व त्यातून इजा संभवणे, असा त्या संज्ञेचा आशय आहे.

यामागील रसायन सुपरिचित आहे. तंतुकणिकांमधील श्वसनसाखळीतून काही इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला मिळतात व सुपरऑक्साइड तयार होते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. मुक्त लोह आयनांशी पेरॉक्साइडची विक्रिया झाली तर, हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदविलेल्या विक्रियेच्या मार्गाने, हायड्रॉक्सिल मूलक जन्मास येते. हे मूलक इतके विक्रियाशील असते की पेशीतील जवळपास कोणत्याही रेणूवर ते जन्मस्थानापासून काही नॅनोमीटर अंतरातच आघात करते. पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्लांवर असा आघात झाला की एका मेदाम्लाकडून दुसऱ्याकडे पसरत जाणारी पेरॉक्सिडीभवनाची साखळी सुरू होते.

या ठिकाणी वनस्पतिजन्य संयुगाचे थेट संरक्षक कार्य निर्विवादपणे सिद्ध झाले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ई जीवनसत्त्व म्हणजे टोकोफेरॉल हे वनस्पतींत तयार होणारे मेदविद्राव्य संयुग पेशीपटलात स्थान घेते, मेदमूलकाला आपला हायड्रोजन देते आणि साखळी तोडते. त्यातून बनलेल्या टोकोफेरॉल मूलकाला क जीवनसत्त्व पूर्वस्थितीत आणते. म्हणजे प्रतिऑक्सिडीकारकाची कल्पना मुळात काल्पनिक नाही. जे टोकोफेरॉलबाबत खरे, ते वनस्पतींतील हजारो फिनॉलिक संयुगांबाबतही खरे असणारच, या सरसकटीकरणापासून प्रश्न सुरू होतो.

थेट निष्प्रभीकरणाचे गणित :

पेशीत एखादे संयुग मूलकाला प्रत्यक्ष निष्प्रभ करील की नाही, हे त्याच्या क्षमतेइतकेच त्याच्या संहतीवर व विक्रियेच्या वेगावर अवलंबून असते. पेशीत ग्लुटाथायोन हे संयुग सुमारे १ ते १० मिलिमोलर इतक्या संहतीत असते. याउलट नेहमीच्या आहारानंतर रक्तद्रवातील बहुतेक पॉलिफिनॉलांची संहती एका मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते, आणि तीही काही तासांपुरती. म्हणजे ग्लुटाथायोनच्या तुलनेत हे प्रमाण हजारांश किंवा त्याहून कमी ठरते. त्यातच आतड्याच्या भिंतीत व यकृतात या संयुगांना ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट वा मेथिल गट जोडले जातात. ज्या हायड्रॉक्सिल गटांवर त्यांची क्षपणक्षमता अवलंबून असते, नेमके तेच गट या प्रक्रियेत झाकले जातात.

हायड्रॉक्सिल मूलकाच्या बाबतीत तर हे गणित अधिकच प्रतिकूल आहे. ज्या मूलकाचा वेग प्रसरणाच्या मर्यादेला भिडतो, त्याला प्रथिने, मेद व शर्करा यांच्या गर्दीत गाठण्यासाठी मायक्रोमोलर प्रमाणातील पाहुण्या रेणूला वाव उरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा पेरॉक्सिरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज व कॅटालेज ही एंझाइमे करतात. त्यांच्या वेगाशी पॉलिफिनॉलांची तुलना संभवत नाही.

फळे खाल्ल्यावर रक्तद्रवाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढते, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. निरीक्षण बरोबर आहे. परंतु २००४ मध्ये सिल्विना लोतितो व बाल्झ फ्राय यांनी सफरचंदाच्या संदर्भात या वाढीचे कारण शोधले, तेव्हा ते फ्लॅव्होनॉइडांत सापडले नाही. सफरचंदातील फ्रुक्टोजच्या चयापचयामुळे रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि युरिक आम्ल स्वतः क्षपणकारक असल्याने मोजमाप वाढलेले दिसते. या उदाहरणातून घ्यावयाचा धडा पद्धतिशास्त्रीय आहे. वाढलेला आकडा आणि त्याचे गृहीत धरलेले कारण, या दोन वेगळ्या गोष्टी होत.

परीक्षानळीतील मोजमापांची मर्यादा :

डीपीपीएच पद्धती १९५८ मध्ये मार्सडेन ब्लोइस यांनी मांडली. डीपीपीएच हे नायट्रोजनकेंद्री, स्थिर व बाटलीत साठवून ठेवता येण्याजोगे मूलक आहे. सजीवांच्या शरीरात ते आढळत नाही. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याचे शोषण कमी होणे म्हणजे अर्कातील काही संयुगांनी त्याला हायड्रोजन वा इलेक्ट्रॉन देणे, एवढाच या प्रयोगाचा अर्थ. विक्रिया सहसा मद्यार्कवर्गीय द्रावकात घडते. तेथे पेशीपटल नसते, एंझाइम नसते, लोहही नसते. शिवाय डीपीपीएचचा विक्रियाशील भाग मोठ्या गटांच्या आड असल्याने लहान रेणूंना तेथवर पोहोचणे सोपे व मोठ्यांना अवघड जाते. परिणामी अर्कांची क्रमवारी काही अंशी रेणूंच्या आकारावरही ठरते.

या निबंधांत डीपीपीएचसोबत फोलिन-सिओकाल्टो अभिकारकाने एकूण फिनॉलांचे मापन केलेले असते आणि दोन्हींत घनिष्ठ सहसंबंध आढळला, म्हणजेच फिनॉलांमुळेच प्रतिऑक्सिडीकारक क्रिया घडते, असा निष्कर्ष काढला जातो. हा तर्क वर्तुळाकार आहे. १९२७ मध्ये मूलतः टायरोसीन व ट्रिप्टोफॅन यांच्या मापनासाठी योजलेला आणि १९६५ मध्ये सिंगलटन व रॉसी यांनी मद्यातील फिनॉलांसाठी अनुकूल केलेला हा अभिकारक स्वतःच क्षपणक्षमता मोजतो. क जीवनसत्त्व व क्षपणकारक शर्कराही त्याला प्रतिसाद देतात. एकाच गुणधर्माचे दोन मापांनी मापन केल्यावर ती मापे जुळली, यात कार्यकारणभावाचा पुरावा नाही.

१९९६ मध्ये बेंझी व स्ट्रेन यांनी मांडलेल्या फ्रॅप पद्धतीत फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण किती झाले ते मोजतात व अधिक क्षपण म्हणजे अधिक गुण, असे मानतात. परंतु पेशीत फेरस लोह हेच फेंटन विक्रियेचे इंधन आहे. ज्या कृतीला परीक्षानळीत संरक्षणाचे गुण मिळतात तीच कृती पेशीत, मुक्त लोह उपलब्ध असल्यास, इजेला साहाय्यभूत ठरू शकते. ओरॅक या पद्धतीचा प्रवासही उद्बोधक आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांचा कोष प्रसिद्ध केला होता. त्यातील आकडे जाहिरातींत वापरले जाऊ लागले. या मूल्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामांशी संबंध दाखविता येत नाही, या कारणास्तव विभागाने २०१२ मध्ये तो कोष मागे घेतला.

पेशीसंवर्धनातील प्रयोग यापेक्षा विश्वसनीय मानले जातात. परंतु तेथेही सावधगिरी आवश्यक आहे. २००० च्या सुमारास बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने दाखविले की चहातील कॅटेचिने व इतर काही फिनॉले संवर्धन माध्यमातच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात. कर्कपेशींचा नाश किंवा निरोगी पेशींची वाढलेली प्रतिकारक्षमता हा अशा वेळी अर्काचा गुण नसून माध्यमातील पेरॉक्साइडचा परिणाम असू शकतो.

मानवी चाचण्यांचा कौल :

१९८१ मध्ये रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारातील बीटा-कॅरोटिनमुळे कर्करोगाचे प्रमाण घटू शकेल काय, असा प्रश्न उपस्थित केला. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी आढळतात, या निरीक्षणाला त्यातून चाचणीयोग्य रूप मिळाले. विज्ञानाने येथे आपले काम चोख बजावले : प्रश्न स्पष्ट होता आणि त्याचे उत्तर मोठ्या यादृच्छिक चाचण्यांनी शोधले गेले.

उत्तर अपेक्षेच्या विरुद्ध आले. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी व एकूण मृत्युप्रमाण ८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपायी, माजी धूम्रपायी व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्या व्यक्तींवरील चाचणी, बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व यांच्या गटात फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच, जानेवारी १९९६ मध्ये नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांच्या सुमारे १२ वर्षांच्या चाचणीत लाभ वा हानी दोन्ही आढळली नाहीत. ३५,५३३ पुरुषांच्या दुसऱ्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वामुळे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. २००७ मधील ६८ चाचण्यांच्या व २,३२,६०६ सहभागींच्या एकत्रित विश्लेषणात, अधिक काटेकोर चाचण्यांपुरते पाहिल्यास, प्रतिऑक्सिडीकारक पूरके घेणाऱ्यांत मृत्युप्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी अधिक आढळले.

या निष्कर्षांचा खुलासा रसायनात अगोदरपासून उपलब्ध होता, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. १९८४ मध्येच बर्टन व इंगोल्ड यांनी दाखविले होते की बीटा-कॅरोटिन ऑक्सिजनच्या अल्प दाबाखाली प्रतिऑक्सिडीकारक असते. उच्च दाबाखाली मात्र त्याचे वर्तन उलटते. फुफ्फुस हे शरीरातील सर्वाधिक ऑक्सिजन असलेले ऊतक आहे आणि धूम्रपानाने तेथे ऑक्सिडीकारकांची भर पडते. परिस्थितीनिरपेक्ष प्रतिऑक्सिडीकारक अशी वस्तूच संभवत नाही. तो रेणूचा कायमचा स्वभाव नसून विशिष्ट परिस्थितीतील त्याची भूमिका असते.

दुसऱ्या गृहीतकालाही याच काळात तडा गेला. पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग संदेशवाहक म्हणून करतात, रोगप्रतिकारक पेशी जंतूंना मारण्यासाठी मूलके मुद्दाम निर्माण करतात. २००९ मध्ये मिखाएल रिस्टोव्ह यांच्या गटाने तरुण पुरुषांवरील अभ्यासात दाखविले की व्यायामामुळे इन्सुलिनची संवेदनक्षमता सुधारते. परंतु रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व ४०० एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ती सुधारणा झाली नाही. व्यायामातून निर्माण होणारी मूलके हीच शरीराला सुधारणेची सूचना देत होती आणि गोळ्यांनी ती सूचना दडपली. कर्करोगाच्या उपचारात हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण किरणोपचाराचा परिणाम बऱ्याच अंशी मूलकांवरच अवलंबून असतो. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवरील कॅनडातील चाचणीत, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूरक घेण्याच्या काळात दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले. तंबाखूजन्य मुखकर्करोगाचा भार वाहणाऱ्या महाराष्ट्रात, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी या समजुतीने उपचारांसोबत अशा गोळ्या घेण्याचा सल्ला दिला जात असेल, तर या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

पर्यायी स्पष्टीकरण : ढाल नव्हे, इशारा

थेट निष्प्रभीकरणाचे स्पष्टीकरण अपुरे ठरले तरी वनस्पतिजन्य संयुगांच्या संरक्षक परिणामाचे काही पुरावे शिल्लक राहतात. त्यांची संगती लावण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न एनआरएफ-२ या प्रथिनाच्या अभ्यासातून झाला आहे. सामान्य स्थितीत कीप-१ हे प्रथिन एनआरएफ-२ ला पकडून ठेवते व त्याच्या विघटनाची व्यवस्था करते. कीप-१ वर गंधकयुक्त सिस्टीन घटक असतात. एखाद्या इलेक्ट्रॉनाकर्षी रेणूने त्यांच्याशी बंध केला की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोनची निर्मिती करणारी, विषारी द्रव्यांचा निचरा करणारी अनेक एंझाइमे घडविणाऱ्या जनुकांना चालना देते. जपानमधील मासायुकी यामामोतो यांच्या गटाने १९९७ ते १९९९ या काळात या यंत्रणेची मुख्य रूपरेषा स्पष्ट केली.

या यंत्रणेला जागे करणारा सुपरिचित रेणू म्हणजे सल्फोराफेन. १९९२ मध्ये पॉल तलाले यांच्या गटाने तो ब्रोकोलीतून वेगळा केला. अखंड भाजीत तो तयार स्वरूपात नसतो; भाजी चिरली वा चावली की मायरोसिनेज एंझाइमाच्या क्रियेने तो पूर्वरूपापासून बनतो. मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका याच कुळातील संयुगांचा असतो. वनस्पतीच्या दृष्टीने हे कीटकांविरुद्धचे शस्त्र आहे. सल्फोराफेन स्वतः प्रतिऑक्सिडीकारक नाही; तो पेशीला सौम्य चिमटा काढतो आणि पेशी आपली तटबंदी स्वतः मजबूत करते. या स्पष्टीकरणात संहतीची अडचण उरत नाही, कारण इशारा देण्यास थोडे रेणू पुरतात आणि त्यातून निर्माण झालेली एंझाइमे दीर्घकाळ काम करतात. चीनमधील छीतुंग येथे २९१ व्यक्तींवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत ब्रोकोलीच्या अंकुरांचे पेय घेणाऱ्यांच्या मूत्रातून बेंझीनच्या निचऱ्याचे उत्पादन ६१ टक्क्यांनी अधिक बाहेर पडल्याचे २०१४ मध्ये नोंदविले गेले. यंत्रणा व मानवी परिणाम यांचा सांधा येथे प्रत्यक्ष जुळलेला दिसतो.

तथापि, जुन्या घोषवाक्याच्या जागी नवे घोषवाक्य बसविणे म्हणजे प्रगती नव्हे. फुफ्फुसाच्या अनेक अर्बुदांत कीप-१ चे जनुक बिघडलेले असते व एनआरएफ-२ सतत जागृत राहते. परिणामी कर्कपेशीच ऑक्सिडीकारक ताणापासून सुरक्षित होते. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत एन-ॲसिटिल सिस्टीन व ई जीवनसत्त्व यांनी फुफ्फुसातील अर्बुदांच्या वाढीस वेग दिल्याचे आढळले. संरक्षण ही निःपक्षपाती क्रिया आहे. ती निरोगी पेशीचे जसे रक्षण करते तसे रोगट पेशीचेही करू शकते.

हळदीचे उदाहरण :

या चर्चेतील अडचणी एकत्र पाहावयाच्या असतील तर हळदीचे उदाहरण पुरेसे आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मराठी घरात हळद अन्न, औषध व मंगलद्रव्य अशा तिन्ही नात्यांनी वावरते. तिच्यातील कर्क्युमिनवर हजारो निबंध प्रसिद्ध झाले आहेत. परंतु हळदीच्या पुडीत कर्क्युमिनवर्गीय संयुगे साधारणतः २ ते ५ टक्केच असतात आणि शरीरात त्यांचे शोषण अत्यल्प होते. १९९८ मध्ये बंगळूर येथील संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास जैवउपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते, असे दाखविले. हा आकडा जाहिरातींत मोठ्या कौतुकाने वापरला जातो. मात्र मूळ पातळी जवळजवळ शून्य होती, हा त्यातील अर्धा भाग गाळला जातो.

२०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन व सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या दृष्टीने घेतलेला आढावा अधिक मूलगामी आहे. कर्क्युमिन हे अस्थिर असून अनेक प्रथिनांशी अविशिष्ट विक्रिया करते, प्रकाशमापनावर आधारित चाचण्यांत स्वतःच्या रंगाने व प्रतिदीप्तीने ढवळाढवळ करते आणि त्यामुळे तेथे खोटे होकारार्थी निष्कर्ष देते, असे त्यांनी साधार दाखविले. याचा अर्थ स्वयंपाकातील हळद निरर्थक आहे, असा मुळीच होत नाही. हळदीत कर्क्युमिनखेरीज इतर घटक आहेत आणि त्यांचा अभ्यास व्हावयास हवा. परंतु फोडणीतील चिमूटभर हळदीचा शतकानुशतकांचा अनुभव संपृक्त गोळीच्या पाठीशी उभा करता येत नाही. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेत नोंदली गेली आहेत व त्यांतील काहींत मिरीचा अर्कही होता. ज्या युक्तीने शोषण वाढते त्याच युक्तीने धोकाही वाढू शकतो.

प्रतिपक्षाचा विचार :

उपरोक्त चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अयशस्वी चाचण्यांत एकेक संयुग वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले गेले. त्यावरून भाजीपाल्याविषयी निष्कर्ष काढणे अन्याय्य आहे. हा आक्षेप रास्त आहे. तथापि, तो प्रचलित सिद्धान्ताच्या बचावाला फारसा उपयोगी पडत नाही. भाजीपाल्याचा लाभ जर प्रतिऑक्सिडीकारकांमुळेच होत असता, तर तीच संयुगे वेगळी दिल्यावर त्याचा काही अंश तरी दिसावयास हवा होता. लाभ तंतुमय पदार्थ, पोटॅशियम, फॉलेट, किंवा भाज्या खाणाऱ्यांची एकूण जीवनशैली यांमुळेही असू शकतो.

दुसरा आक्षेप असा की काही चाचण्या यशस्वीही झाल्या आहेत. हेही खरे आहे आणि त्यांची नोंद न घेणे पक्षपाताचे होईल. अमेरिकेतील नेत्रविकारविषयक चाचणीत, २००१ च्या निष्कर्षांनुसार, क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटिन आणि जस्त यांच्या संयुक्त मात्रेमुळे दृष्टिपटलाचा वयोमानपरत्वे होणारा ऱ्हास प्रगत अवस्थेस जाण्याचा संभव सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३ च्या पुढील चाचणीनंतर बीटा-कॅरोटिनऐवजी ल्यूटिन व झिॲझँथिन ही वनस्पतिजन्य संयुगे सुचविण्यात आली. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने प्रतिऑक्सिडीकारकांविषयीचे बहुसंख्य दावे फेटाळले. परंतु ऑलिव्ह तेलातील हायड्रॉक्सिटायरोसॉल व तत्सम पॉलिफिनॉले रक्तातील मेदकणांचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करण्यास हातभार लावतात, हा दावा २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम अशा निश्चित मात्रेसह मान्य केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१,४४२ सहभागींच्या कोकोअर्क चाचणीत हृदयविकाराच्या एकूण घटनांतील घट सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ ठरली नाही, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत मात्र २७ टक्के घट आढळली. हा दुय्यम निष्कर्ष असल्याने तो सावधपणे स्वीकारावा लागतो.

या यशस्वी उदाहरणांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. ल्यूटिन दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत निवडकपणे साठते व तेथे निळा प्रकाश शोषून घेते. कोकोतील एपिकॅटेचिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढवून वाहिन्या शिथिल करते. म्हणजे जेथे पुरावा टिकतो तेथे विशिष्ट संयुग, विशिष्ट ऊतक, विशिष्ट मात्रा आणि विशिष्ट यंत्रणा यांची नावे घेता येतात. जेथे केवळ प्रतिऑक्सिडीकारक एवढाच शब्द हाती असतो, तेथे पुरावा विरतो.

महाविद्यालयीन संशोधनासंबंधी :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीशी प्रकाशनांचे गुण जोडले. अल्प खर्चात, मोजक्या उपकरणांवर, एका सत्रात पूर्ण होणाऱ्या डीपीपीएच प्रयोगाचे आकर्षण अशा व्यवस्थेत वाढणे स्वाभाविक होते. त्याचा दोष केवळ अध्यापकांवर टाकणे योग्य नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी पेशीसंवर्धनाची सोय नसते, हे वास्तव आहे. परंतु साधनांची मर्यादा ही निष्कर्षांच्या मर्यादेत प्रतिबिंबित व्हावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

याच साधनांत अधिक अर्थपूर्ण काम शक्य आहे. डीपीपीएचच्या निष्कर्षाला क्षपणक्षमता असे यथार्थ नाव देणे, वनस्पतीचा प्रमाणित नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवणे, एकाच जातीच्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील व पठारावरील नमुन्यांची ऋतुमानानुसार तुलना करणे, शिजविणे व साठविणे यांमुळे घटकांत होणारे बदल नोंदविणे, हे सर्व सामान्य प्रयोगशाळेत होऊ शकते. मूलकविरोधी क्षमता वनस्पतीसाठी काय करते, म्हणजे तीव्र ऊन, अवर्षण वा कीड यांना ती कशी तोंड देते, हा प्रश्न तर वनस्पतिशास्त्राचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी मानवी रोगांचा आधार घेण्याची गरज नाही. जेथे पेशींवर प्रयोग शक्य असतील तेथे माध्यमात कॅटालेज मिसळून तुलना करण्याचा साधा नियंत्रक प्रयोग अनेक खोटे निष्कर्ष टाळू शकतो.

समारोप :

वनस्पतिजन्य संयुगे पेशींचे रक्षण करू शकतात. परंतु ती मूलके झेलणारी ढाल म्हणून क्वचितच आणि पेशीच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेला जागे करणारा इशारा म्हणून अधिक वेळा कार्य करतात, असे आजवरच्या पुराव्यावरून दिसते. हे कार्य मात्रेवर, ऊतकावर व परिस्थितीवर अवलंबून असते आणि प्रतिकूल परिस्थितीत ते हानीतही परिणत होऊ शकते. मूलके म्हणजे शत्रू व प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे मित्र, ही विभागणी वर्गात शिकविण्यास सोयीची असली तरी शास्त्रीय दृष्ट्या टिकणारी नाही.

फिनलंडमधील चाचणीत सहभागी झालेल्या पुरुषांना दिलेली गोळी सदिच्छेने व तत्कालीन ज्ञानाच्या आधारे दिलेली होती. त्या चाचणीमुळे निदान सत्य उजेडात आले. वनस्पतीच्या अर्काविषयी चाचणीवाचून केलेल्या आरोग्यविषयक दाव्यांना अशी दुरुस्तीची संधी लाभत नाही. ते विद्यार्थ्याच्या वहीतून, वृत्तपत्राच्या आरोग्य पुरवणीतून थेट रुग्णाच्या हाती पोहोचतात. म्हणून शोधनिबंधातील शेवटचे वाक्य हे सर्वाधिक जबाबदारीने लिहावयाचे वाक्य होय. परीक्षानळीत जेवढे दिसले तेवढेच त्यात यावे, आणि पुढचा प्रश्न प्रश्न म्हणूनच उभा राहावा.